आबा सायकलवरून उतरतात

माझ्या सायकलच्या हँडलवर काडेपेटीएवढा एक कॉम्प्युटर बसवलेला आहे. किती अंतर झालं, किती चढ चढलो, छाती किती धडधडली, सगळं तो टिपून ठेवतो. रविवारी घरी आल्यावर मी बूट काढायच्या आधी त्यात सरासरी वेग बघतो. आदल्या रविवारपेक्षा तो कमी भरला तर माझं दुपारचं जेवण बिघडतं. बायकोने या डबीचं नाव ‘सवत’ ठेवलं आहे.

गेल्या मे महिन्यात आबा माझ्याबरोबर सायकल चालवायला लागले आणि सवतीने हायच खाल्ली. ताशी सव्वीसचा माझा वेग एकदम अकरावर आला.

आबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर. कराडकडच्या आमच्या गावातून निघून आसपासच्या वीसेक गावांतल्या दूध संकलन केंद्रांवर सायकलने फिरायचं आणि दुधाचं फॅट तपासायचं, ही नोकरी त्यांनी चौतीस वर्षं केली. ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ल्यूकनला आले होते. ल्यूकनच्या आमच्या वसाहतीत सकाळी आठनंतर माणूस दिसत नाही. बायको ब्लँचर्डस्टाउनला हॉस्पिटलमध्ये जाते, मी बॉल्सब्रिजला ऑफिसात, मुलगी शाळेत. आबा दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या घरांची दारं मोजायचे. नात मराठी समजते पण बोलते इथल्या इंग्रजीत. आबा विचारायचे, ‘जेवलीस का गं?’ ती म्हणायची, ‘आयॅम ग्रँड, आबा,’ म्हणजे इथल्या भाषेत ‘मी मजेत’. दोघांचं छान चालायचं.

एका रविवारी मी मागच्या शेडमध्ये चाकात हवा भरत होतो. आबा हात पाठीमागे बांधून येऊन उभे राहिले. टायर अंगठ्याने दाबून बघितला.

“घंटी कुठं हाय?”

“या सायकलला नसते, आबा.”

“आन् मडगार्ड?”

“नसतं.”

“स्टँड?”

“तोपण नसतो.”

“मग घेतलंस काय?” ते म्हणाले. माझ्या घट्ट चड्डीकडेही एकदा बघितलं. मग जाता जाता म्हणाले, “मला एक बघ. घंटीवाली.”

मला नवल वाटलं. मागे मी गावी गेलो होतो तेव्हा त्यांची सायकल गोठ्यात खुंटीला टांगलेली पाहिली होती. दोन्ही चाकं बसलेली, सीटवर कोंबडीची विष्ठा. जो माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात विडीकाडी आणायलाही सायकल काढायचा, त्याची सायकल अशी बघून मी विचारलं, तर म्हणाले, गुडघा दुखतो. मी ते खरं मानलं. मला तेव्हा फार खोलात जायचं नव्हतंच.

त्याचं कारण इथेच सांगून टाकतो. माझी आई कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. सकाळी आबांचा फोन आला, दोनच वाक्यं बोलले. मी म्हणालो, “आबा, विमानं बंद आहेत.” हे म्हणत असताना माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता आणि दुसऱ्या दिवशीच्या, दोहामार्गे जाणाऱ्या एका विमानात जागा दिसत होती. मी पोचेपर्यंत काही उरलं नसतं, परत येताना हॉटेलात कोंडून घ्यावं लागलं असतं, अशी दहा कारणं मला नंतर सापडली. पण त्या क्षणी एकच होतं. मी घाबरलो होतो. रोज टीव्हीवर तिथल्या चिता दिसत होत्या, आणि घरात लहान मुलगी होती. आबा म्हणाले, “बरं. जप.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर ‘विमानं बंद होती’ हे वाक्य मी नातेवाइकांना, ऑफिसात, इथल्या गणपतीला भेटणाऱ्या मंडळींना इतक्यांदा सांगितलं की ते अगदी गुळगुळीत झालं. खरं काय ते फक्त बायकोला माहीत. आबा आणि मी त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नव्हतो. ते इथे आले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की परत जायच्या आत त्यांना खरं सांगायचं. आल्या दिवसापासून ते पुढे ढकलत होतो.

आबांसाठी एक जुनी, उभ्या हँडलची, पुढे टोपली असलेली सायकल मिळाली. घंटी होती. रविवारी दोन्ही सायकली गाडीला लावायच्या, मेनूथच्या पुढे कॅनॉलच्या काठाला गाडी उभी करायची आणि तिथून आतल्या रस्त्यांनी पंधरा किलोमीटरचा फेरा मारायचा, असं सुरू झालं. ते रस्ते फारच अरुंद आहेत. मधोमध गवत उगवलेलं असतं. मे महिन्यात दोन्ही बाजूंची काटेरी कुंपणं पांढऱ्या फुलांनी लगडतात आणि त्यांच्या वासात शेणखताचा वास मिसळलेला असतो. आबांना दोन्ही वास आवडले. पँटला क्लिप, अंगात हातविणीचा स्वेटर, डोक्यावर कानटोपी आणि कानटोपीवर माझ्या आग्रहाचं हेल्मेट, अशा थाटात ते पुढे, आणि मी पाठीमागे दर दोन मिनिटांनी ब्रेक दाबत.

या रस्त्यांवर एक रीत आहे. समोरून येणारा गाडीवाला ओळख असो नसो, स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. आपणही हँडलवरून एक बोट उचलायचं. संपला विषय. आबांनी पहिल्या दिवशी तीन गाड्या बघितल्या आणि विचारलं, “सगळी वळखत्यात तुला?”

“नाही हो. इथली पद्धत आहे.”

“चांगली हाय,” ते म्हणाले. “पर बसल्या जागीच?”

आबांची पद्धत वेगळी होती. त्यांच्या काळी गावात सायकलवरून जाताना समोरून वयाने मोठं माणूस आलं की खाली उतरायचं. सायकल हातात धरून चार पावलं चालायचं, माणूस पुढे गेलं की परत टांग टाकायची. मास्तर दिसले तर उतरायचं, आणि कुणाची प्रेतयात्रा येत असेल तर सायकल कडेला लावून, हात जोडून, ती वळणाआड होईपर्यंत उभं राहायचं. लहानपणी मी त्यांच्या पुढच्या दांडीवर बसून जायचो तेव्हा दर फर्लांगाला खाली उतरवला जायचो. ती सवय चौऱ्याहत्तराव्या वर्षी आयर्लंडमध्ये पुन्हा उगवली. आणि या रस्त्यांवर रविवारी सकाळी भेटतात ती सगळी म्हातारी माणसंच.

आता इथे सायकलवाला अचानक खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागला, तर त्याचा एकच अर्थ होतो. पहिल्याच रविवारी एका गेटापाशी लाल चेहऱ्याचे एक शेतकरी ट्रॅक्टरवर बसले होते. आबांनी त्यांचे पांढरे केस पाहिले आणि उतरले. शेतकरी लगेच ट्रॅक्टर बंद करून खाली आले, “पंक्चर, इज इट?” म्हणाले आणि माझं काहीही ऐकून न घेता आत गेले. येताना एका हातात पंप, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली बादली. गुडघे टेकून त्यांनी आबांच्या सायकलचं चाक तपासायला सुरुवात केली. आबाही शेजारी उकिडवे बसले. आपण ज्याला मान दिला तो माणूस आपलं चाक का तपासतोय हे त्यांना कळेना, पण कुणी काम करत असताना उभं राहणं त्यांना जमत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, चाक ठीक आहे, माझे वडील तुमच्यासाठी उतरले.

“माझ्यासाठी?”

वडीलधाऱ्या माणसासमोर सायकलवरून उतरायची आमच्याकडे रीत आहे, असं मी सांगितलं. त्यांनी आबांचं वय विचारलं. स्वतः एकाहत्तरचे होते. क्षणभर विचार करून म्हणाले, “म्हणजे उतरायला मला हवं होतं. बरं झालं, मी आधीच उतरलोय.” आणि आबांचा हात हातात घेऊन हलवत राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव ‘गायवाले काका’ पडलं. दर रविवारी त्यांच्या गेटाशी थांबायचं, हा नियमच झाला. त्यांना मराठी येत नव्हती आणि आबांना इंग्रजी, त्यामुळे मधल्या मध्ये मी. आबा गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “त्येला इचार, फॅट किती लागतंय?” काका सांगायचे, सव्वाचार. “त्येला सांग, आमच्या म्हशीला सात लागतंय.” काका शिट्टी वाजवायचे. मी दुभाषी तसा आळशीच. निम्मं गाळायचो, उरलेलं आवरतं घ्यायचो, डोळा हँडलवरच्या डबीकडे. आबांच्या ते लक्षात यायचं. “मी एवढं बोललो आन् तू एवढंच सांगितलंस?” असं ते घरी येताना सुनवायचे.

काकांच्या ओट्यावर एकच कप आणि एकच जोडी बूट असायचे. “एकलाच हाय गडी,” आबा दुसऱ्याच रविवारी म्हणाले होते. मी विचारायला गेलो नाही.

आबा परत जायला पाच दिवस राहिले होते. तो आमचा शेवटचा रविवार. आज बोलायचंच, असं मी ठरवलं. सायकलवर बोलणं सोपं, समोरच्याचं तोंड दिसत नाही. मी मागून दोनदा ‘आबा’ म्हणून हाक मारली. पहिल्यांदा मागून गाडी आली आणि आम्ही कुंपणाला चिकटलो. दुसऱ्यांदा एक काठीवाले आजोबा आले आणि आबा उतरले. मला इतका राग आला की काय सांगू. मनात वाक्य जुळवून ठेवायचं आणि दरवेळी कुणीतरी म्हातारं मध्ये यायचं.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा आम्ही काकांच्या गेटाजवळ पोचत होतो. समोरून एक लांब काळी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने येत होती. तिच्यामागे पन्नास-साठ माणसं पायी येत होती. काका गेटाशी टोपी छातीशी धरून उभे होते. आबांनी सायकल कुंपणाला टेकवली, हेल्मेट काढलं, हात जोडले. मी एक पाय जमिनीवर टेकून सायकलवरच थांबलो होतो. आबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली उतरलो.

सगळे वळणाआड गेल्यावर काका म्हणाले, गेलेल्या बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या, छान झालं त्यांचं. मग टोपी डोक्यावर न ठेवता तिच्याकडे बघत बोलत राहिले. त्यांची बायको कोविडमध्ये गेली. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती आणि यांची भावंडंच नऊ. मग बाकीच्यांनी काय केलं, तर चौकापासून स्मशानभूमीपर्यंत जो तो आपापल्या गेटाशी येऊन उभा राहिला, अंतर ठेवून. काहींनी ट्रॅक्टर रस्त्याकडे तोंड करून दिवे लावून ठेवले होते. “मी गाडीच्या काचेतून बघत होतो,” काका म्हणाले. “कोण कुठे उभं होतं ते आजही सांगेन.”

“काय म्हनतोय?” आबांनी विचारलं.

“त्यांच्या मिसेस कोविडमध्ये गेल्या म्हणतात.”

“एवढंच न्हाई बोलला. लई बोलला तो.”

मग मी सगळं सांगितलं. दहा माणसं, गेटं, ट्रॅक्टरचे दिवे. काही न गाळता भाषांतर केलं असं ते पहिल्यांदाच. आबा ऐकत होते आणि अंगठ्याने सायकलचा टायर दाबत होते. त्यात हवा भरपूर होती.

“त्येला सांग,” ते म्हणाले, “माजी बी त्यातच गेली.”

मी सांगितलं. सांगताना मी ‘यांची पत्नी’ म्हणालो. ‘माझी आई’ हे शब्द तोंडातून निघाले नाहीत.

“सांग, दवाखान्यातनं गाडी सरळ स्मशानात, असा हुकूम हुता. मला आत बसू देईनात. मी म्हनलं, मग मी मागनं येतो.”

मी सांगितलं.

“गाडी जोरात. मी सायकलवर. अकरा किलोमीटर हाय ते.”

इथे मी अडलो. मला चुलतभावाने फोनवर सांगितलं होतं की सगळं नीट झालं, आबा होते. चार वर्षं मी मनात ते चित्र धरून होतो. आबा शेजारी उभे आहेत, सगळं नीट होतं आहे.

“सांग की,” आबा म्हणाले.

मी सांगितलं. अकरा किलोमीटर.

“रस्त्यावर चिटपाखरू न्हवतं. दुकानं बंद, दारं लावल्याली. आपल्या गावातनंच गेली गाडी. चाळीस वर्सं ती त्या गावात राबली. कुनाची बाळतपनं केली, कुनाच्या पोरी सासरला लावून दिल्या. आन् तिच्यासाठी सायकलवरनं उतराय एक मानूस रस्त्यावर न्हवता. मी हुतो, पर मी उतरलो असतो तर मागं पडलो असतो. पोचलो तवर तिला आत घेतली हुती. नुस्ता धूर दिसला.”

ती सायकल गोठ्यात का टांगली होती, ते मला त्या क्षणी कळलं. मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. धूर हा शब्द मला दोनदा म्हणावा लागला. एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं, फोन आला त्या सकाळीसुद्धा नाही.

 काकांनी आबांच्या सायकलच्या हँडलवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग त्यांनी माझ्याकडे मान करत आबांना विचारलं, “अँड हिमसेल्फ? वॉज ही विथ यू?”

प्रश्न आबांना होता. मी काहीही उत्तर दिलं असतं तरी दोघांनाही कळलं नसतं. सवय तर मला होतीच गाळायची. पण मी म्हणालो, “विचारतायत, मी होतो का तुमच्याबरोबर.”

“त्येला सांग,” आबा लगेच म्हणाले, “इमानं बंद हुती.”

गुळगुळीत झालेलं तेच वाक्य. फक्त इंग्रजीत म्हणायचं होतं.

“आबा, बंद नव्हती,” मी म्हणालो. “एक होतं. त्यात जागा पण होती. मी घाबरलो.”

काका एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघत होते. आबा वाकून पँटची क्लिप नीट करायला लागले.

“मला ठाव हाय,” ते खालीच बघत म्हणाले. “आपल्या गावचा डाक्टर गेला तवा त्येचा पोरगा लंडनवरनं आलता, त्याच आठवड्यात. बापाला खांदा न्हाई देऊ दिला, पर आलता.” क्लिप बसली. “दोन दिस वाट बघितली मी. पार फाट्यापतूर चालत जाऊन बघायचो. मग म्हनलं, पोरगं भ्यालंय. भ्यालेल्याला काय बोलायचं?”

मला रडू आवरेना. चाळीशी उलटलेला, घट्ट चड्डीतला माणूस भर रस्त्यात, गायींसमोर रडत होता.

आबा सरळ उभे राहिले. “पर ते तुज्यामाज्यात,” ते म्हणाले. “त्येला कशाला? त्येला बंद हुती म्हनूनच सांग.”

मी डोळे पुसले, काकांकडे वळलो आणि म्हणालो की विमानं बंद होती.

“दे वेअर,” काका म्हणाले. “एव्हरीथिंग वॉज.”

“काय म्हनला?”

“हो म्हणाले. सगळंच बंद होतं, म्हणाले.”

“मग,” आबा म्हणाले, आणि हेल्मेट घालून टांग टाकली.

 परतीच्या वाटेवर आबा पुढे होते आणि त्यांच्या घंटीचा सैल पडलेला स्क्रू दर खड्ड्याला वाजत होता. कॅनॉलच्या अलीकडच्या वळणावर एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन समोरून येताना दिसली. माझे बूट पेडलला खटक्याने अडकलेले असतात, ते घाईत सुटेनात, मी कुंपणात पडता पडता वाचलो. पण आबांच्या आधी उतरलो.

बाई थांबल्या. “पंक्चर?” त्यांनी काळजीने विचारलं.

आबा सायकल धरून माझ्याकडे बघत होते, मी काय सांगतो ते.